कोब्यावरचा जुना सीलर आणि बिनविषारी बाटली

काँक्रीटला सीलर लावा असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तो काही वर्षांनी काढायचा कसा, हे लावतानाच सांगणारा क्वचित. दुकानदार डबा विकतो, कंत्राटदार दोन हात मारून जातो, सुरुवातीला अंगण नुकतंच धुतल्यासारखं चमकतं आणि मग एकेक दुखणं सुरू होतं. उन्हाने थर पिवळा पडतो. जमिनीतून वर येणारी ओल थराखाली अडकते आणि पांढुरके ढग उमटतात. गाडीच्या चाकाखाली पोपडे सुटतात. वर आणखी एक हात मारला की सगळं झाकलं जाईल या आशेने थरावर थर चढत जातात. शेवटी पावसात त्यावरून कुणीतरी घसरून पडतं, तेव्हा कुठे घरमालकाला हे काढून टाकायला हवं असं वाटू लागतं.

हा प्रश्न मुळात अमेरिकेतला. तिथे घरापुढचा गाडीरस्ता आणि मागचं अंगण काँक्रीटचं, त्यावर बहुतेकदा दगडी फरशीचा ठसा उमटवून रंग दिलेला, आणि रंग टिकावा म्हणून वर अ‍ॅक्रिलिकचा थर. दर दोन-तीन वर्षांनी नवा हात. ह्यूस्टनला किंवा न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी मंडळींना हे शनिवार-रविवारचं काम चांगलं परिचयाचं असेल. आपल्याकडे तो उशिरा आला, पण आला. बंगल्यांच्या आवारातले पेव्हर ब्लॉक, फार्महाउसमधले ठशाच्या काँक्रीटचे रस्ते, पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये पुन्हा मानाने अवतरलेला आयपीएस पद्धतीचा सिमेंटचा कोबा, गच्चीवर मारलेले वॉटरप्रूफिंगचे लेप: या सगळ्यांवर आज कसला ना कसला थर आहे, आणि तो थर अमर नाही.

सीलर काढायचा म्हटलं की लोक आधी बाटली शोधायला लागतात. खरं तर आधी शोधायला हवं ते वर काय बसलं आहे ते. सीलरची दोन घराणी आहेत. एक वर थर धरणारं: अ‍ॅक्रिलिक, एपॉक्सी, पॉलियुरेथेन. दुसरं आत मुरणारं: सिलेन, सिलॉक्सेन, सिलिकेट. सिलेन आणि सिलॉक्सेन काँक्रीटच्या छिद्रांत काही मिलिमीटर खोल उतरतात आणि छिद्रांच्या भिंतींशी रासायनिक बंध जोडतात. सोडियम किंवा लिथियम सिलिकेट सिमेंटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी संयोग पावतं आणि काँक्रीटचाच भाग होऊन बसतं. असा मुरलेला सीलर कुठल्याही द्रवाने निघत नाही, मग तो द्रव विषारी असो वा बिनविषारी. पृष्ठभागच घासून काढावा लागतो. बाजारातली कुठलीही बाटली ‘सर्व प्रकारचे सीलर काढते’ असा दावा करत असेल, तर ती तिथेच खाली ठेवावी.

ओळखायची पद्धत सोपी आहे. कोरड्या जमिनीवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते पटकन शोषले गेले आणि तिथे काळपट डाग पडला, तर सीलर जवळजवळ संपलेला आहे. थेंब तसेच उभे राहिले, तर शेजारी चाकूच्या टोकाने खरवडून पाहावं. पातळ पापुद्रा सुटला तर वर थर आहे. नुसती सिमेंटची भुकटी निघाली तर सीलर आत मुरलेला आहे. थर असेल तर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर त्यावर दाबून धरावा. जागा चिकट झाली, बोळ्याचे धागे तिथे अडकले, तर तो अ‍ॅक्रिलिक. काहीच झालं नाही तर बहुधा एपॉक्सी किंवा दोन डबे मिसळून लावलेलं पॉलियुरेथेन. पाच मिनिटांची ही परीक्षा न करता आणलेल्या महागड्या बाटल्या किती घरांच्या माळ्यावर पडून असतील कोण जाणे.

अ‍ॅक्रिलिक आणि एपॉक्सी यांच्यातला फरक रसायनशास्त्रातला असला तरी स्वयंपाकघरात कळण्याजोगा आहे. गुळाचा खडा पाण्यात परत विरघळतो. उकडलेलं अंडं कितीही भिजवलं तरी कच्चं होत नाही. अ‍ॅक्रिलिकच्या साखळ्या नुसत्या एकमेकींत गुंतून वाळलेल्या असतात. योग्य द्रावक मिळाला की त्या सुट्या होतात. एपॉक्सीत आणि दोन घटकांच्या पॉलियुरेथेनमध्ये साखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी बांधल्या गेलेल्या असतात. त्या विरघळत नाहीत. फार तर फुगतात, मऊ पडतात, जमिनीपासून सुटतात. त्यामुळे अशा थरासाठी वापरायचं रसायन त्याला ‘विरघळवतं’ की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. ते आत शिरून थर फुगवू शकतं का आणि त्याला किती वेळ लागतो, एवढंच पाहायचं.

हे फुगवण्याचं काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका रसायनाने इतकं झटपट केलं की दुसरं काही शोधायची कुणाला गरज वाटली नाही. ते म्हणजे डायक्लोरोमिथेन, ऊर्फ मिथिलीन क्लोराइड. रेणू लहान, जवळपास कुठल्याही थरात घुसणारा. लावल्यावर काही मिनिटांत रंगाच्या सुरकुत्या वर येतात आणि पत्रीने ओढलं की पट्टेच्या पट्टे सुटतात. पेंट रिमूव्हर म्हणून डब्यांतून मिळणाऱ्या मालात वर्षानुवर्षं हेच प्रमुख असे. हे रसायन ४० अंश सेल्सियसला उकळतं. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना गच्चीवर ते ओतणं म्हणजे त्याची वाफ करणंच. ती वाफ हवेपेक्षा जड, म्हणून खाली बसते: तळघरात, टाकीत, गुडघ्यावर बसून खरवडणाऱ्या माणसाच्या नाकाशी. शरीर तिचं काय करतं हे १९७२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात स्ट्युअर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. डायक्लोरोमिथेनचं शरीरात कार्बन मोनॉक्साइड होतं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ते अडवून ठेवतं. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर जो वायू माणसाला मारतो, तोच इथे आतून तयार होतो. हृदय आधीच दुबळं असेल तर धोका आणखी मोठा, शिवाय या वाफेची गुंगी येते ती वेगळीच.

अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना लेप काढताना १३ कामगार या रसायनाने दगावल्याची नोंद तिथल्या कामगार-सुरक्षा यंत्रणेने केली. पुढे १९८० ते २०१८ या काळातल्या मृत्यूंचा धांडोळा घेतला गेला तेव्हा आकडा ८५ निघाला, आणि त्यांतले बहुसंख्य कामावर असताना गेलेले. युरोपीय संघाने २००९ साली निर्णय घेऊन पुढच्या काही वर्षांत असे पेंट रिमूव्हर सर्वसामान्य विक्रीतून काढून टाकले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये ग्राहकांसाठीच्या विक्रीवर आणि २०२४ मध्ये बहुतेक सगळ्या वापरांवर बंदी आणली. आपल्याकडे डबा घेताना लेबलवर डायक्लोरोमिथेन किंवा मिथिलीन क्लोराइड ही नावं आहेत का हे पाहण्याचं काम ग्राहकावरच आहे. त्यातही गंमत अशी की डबा निवडतो घरमालक आणि वाफ घेतो रोजंदारीवरचा रंगारी. तोंडाला बांधलेल्या रुमालाने धूळ थोडीफार अडते, पण ही वाफ अडत नाही.

डायक्लोरोमिथेनची जागा घ्यायला आधी पुढे आलं ते एन-मिथिल पायरोलिडोन. वास सौम्य, वाफ कमी, म्हणून ‘सुरक्षित’ म्हणून खपलं. मग ते गर्भाला अपायकारक असल्याचं सिद्ध झालं, आणि युरोपात २०२० पासून कामाच्या ठिकाणी त्याच्या संपर्कावर कडक मर्यादा आल्या. वास येत नाही म्हणजे विष नाही, हा हिशेब कसा फसतो त्याचं हे ठळक उदाहरण आहे. आजच्या ‘बिनविषारी’ बाटल्यांकडे पाहताना तेवढा संशय जवळ ठेवलेला बरा.

आज जे पर्याय आहेत त्यांच्यामागचा विचार मात्र भक्कम आहे, आणि तो बाजारातून नव्हे तर प्रयोगशाळेतून आला. १९६७ साली कोपनहेगनमध्ये चार्ल्स हॅन्सन यांनी आपल्या प्रबंधात मांडलं की कुठल्याही द्रावकाचा स्वभाव तीन आकड्यांत पकडता येतो. रेणूंमधलं साधं आकर्षण, ध्रुवीय आकर्षण आणि हायड्रोजन बंध, या तिन्हींचं ते माप. थराचेही असेच तीन आकडे असतात. द्रावकाचे आकडे थराच्या आकड्यांजवळ आले की थर सैल होतो. यातली खरी मौज अशी की एकेकटे असताना निकामी ठरणारे दोन द्रव योग्य प्रमाणात मिसळले तर मिश्रणाचे आकडे नेमके हवे तिथे येऊ शकतात. म्हणजे एका जहाल रेणूच्या जागी दोन-तीन मवाळ रेणूंचं मिश्रण बसवता येतं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल इथल्या टॉक्सिक्स यूज रिडक्शन इन्स्टिट्यूटने डायक्लोरोमिथेनला पर्याय शोधताना याच पद्धतीचा आधार घेतला. पण आकडे जुळवता आले तरी रेणूचा आकार बदलता येत नाही. मवाळ द्रावकांचे रेणू बहुतेक मोठे, सावकाश शिरणारे. डायक्लोरोमिथेन जे काही मिनिटांत करतं, त्याला यांना काही तास लागतात, कधी पूर्ण रात्र. बिनविषारी पर्यायाची किंमत पैशांत कमी आणि वेळेत जास्त मोजावी लागते. ही गोष्ट जाहिरातीत लपवतात, म्हणून लोक अर्ध्या तासात खरवडायला बसतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून पुन्हा जुन्या डब्याकडे वळतात.

आता एकेक पर्याय. सोयाबीनच्या तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून मिथिल सोयेट बनतं. बायोडिझेल बनवण्याची रीतही हीच. वाफ जवळजवळ नाही, पेट घ्यायला खूप उष्णता लागते, कातडीला सौम्य. एकट्याने ते अ‍ॅक्रिलिकचे पातळ थर हळूहळू मऊ करतं, म्हणून बहुधा दुसऱ्या एखाद्या द्रावकाच्या जोडीने येतं. त्याचा दोष त्याच्या गुणातच आहे. ते उडून जात नाही. काँक्रीट सच्छिद्र, आणि हे तेलकट. नीट धुतलं नाही तर छिद्रांत बसून राहतं आणि नव्या सीलरला पकड घेऊ देत नाही. नवा थर लावल्यावर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे उमटले तर समजावं की खाली तेल राहिलंय.

बेंझिल अल्कोहोल हा या यादीतला माझ्या मते सर्वांत कामाचा गडी. सौंदर्यप्रसाधनांत आणि काही इंजेक्शनांत परिरक्षक म्हणून तो अल्प प्रमाणात असतोच. विमानांचा रंग काढायला डायक्लोरोमिथेनऐवजी त्याचा वापर बराच झाला आहे. अ‍ॅक्रिलिकवर तो चांगला चालतो आणि एपॉक्सीला फुगवण्याची ताकदही थोडीफार राखतो. घट्ट जेलच्या रूपात मिळाला तर उभ्या भिंतीवर, पायऱ्यांच्या कडांवरही टिकतो. मात्र इंजेक्शनात चिमूटभर असतो म्हणून बादलीभर अंगावर घेण्याजोगा नव्हे. बंद खोलीत गरगरतं, डोळ्यांना झोंबतो, आणि नेहमीचे पातळ हातमोजे तो सावकाश भेदतो. जाड ब्युटाइल रबराचे मोजे हवेत. काही मिश्रणांत त्याला धार यावी म्हणून फॉर्मिक आम्ल घातलेलं असतं. ती बाटली धातूसाठी ठीक, काँक्रीटसाठी नको. त्याचं कारण पुढे येईलच.

डायबेसिक एस्टर हा तिसरा. नायलॉनसाठी अ‍ॅडिपिक आम्ल तयार करताना जे जोडपदार्थ हाती लागतात त्यांपासून तो बनतो. संथ आणि स्वस्त. सोयेटबरोबर त्याचं मिश्रण जुन्या, जाड अ‍ॅक्रिलिकवर बरं चालतं. जास्त वाफ घेतल्यावर काही कामगारांना तात्पुरतं धूसर दिसल्याच्या नोंदी आहेत, म्हणून आत काम करताना खिडक्या उघड्या हव्यात. आंबवण्यातून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून केलेलं इथिल लॅक्टेटही अधूनमधून दिसतं. थर काढायला ते एकटं पुरत नाही.

आणि मग संत्र्याचं तेल. त्यातला लिमोनीन हा पदार्थ, संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक असणारा. फुगवलेल्या फुग्यावर सालीचा फवारा उडवून तो फोडण्याचा खेळ विदर्भातल्या मुलांना शिकवावा लागत नाही. लिमोनीन रबर विरघळवतं. थर्माकोलही त्यात वितळतो. त्यामुळे चिकट डाग, च्युइंग गम, डांबर, टाइलखालचा जुना गोंद यांवर ते छान चालतं. अ‍ॅक्रिलिक सीलरवर सोयेटच्या संगतीने बेताचं. पण ‘फळातून आलं म्हणजे निरुपद्रवी’ या समजाला सर्वांत जास्त खतपाणी याच पदार्थाने घातलं आहे. साधारण ४८ अंशांनंतर त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि उन्हात तापलेली गच्ची ५० अंशांच्या पुढे सहज जाते. हवेत उघडं राहून ते ऑक्सिडीकृत झालं की त्वचेला अ‍ॅलर्जी आणतं, तीही एकदा जडली की सहसा न जाणारी. पाण्यातल्या जीवांना तर ते अतिशय घातक म्हणून युरोपात वर्गीकृत आहे. संत्र्याचा वास येणारं सांडपाणी थेट नाल्यात सोडणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं.

घरगुती उपायांबद्दल लांबण लावण्याची गरज नाही. व्हिनेगर, लिंबू, खायचा सोडा, रिठे यांतलं काहीही अ‍ॅक्रिलिक काढत नाही. आम्लांची गोष्ट तर उलटी. काँक्रीट हा क्षारधर्मी पदार्थ. ताज्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ च्या घरात असतो. त्यावर आम्ल पडलं की फेस येतो आणि माणसाला वाटतं काहीतरी निघतंय. निघतो तो चुना, म्हणजे काँक्रीटच. संडासाच्या फरशीसाठी आपण ‘अ‍ॅसिड’ म्हणून आणतो ते हायड्रोक्लोरिक आम्ल जिथे सीलर शाबूत आहे तिथे काहीच करत नाही आणि जिथे तो गेला आहे तिथे जमीन खड्डेदार करतं. सीलर अर्धा राहतो, कोबा अर्धा जातो. शिवाय क्लोराइड आत उतरून सळीला गंज आणायला मोकळं. कॉस्टिक सोड्याचं तेवढं वेगळं आहे. जुन्या ऑइल पेंटवर तो खरंच चालतो, कारण त्यातल्या तेलाचा साबण करून टाकतो. अ‍ॅक्रिलिकवर त्याचा प्रभाव फारसा नाही, कातडीवर मात्र भरपूर.

मग यंत्र का वापरू नये, असा प्रश्न साहजिक आहे. हिऱ्याच्या कपाचं ग्राइंडर किंवा शॉटब्लास्ट यंत्र रसायनाचा थेंबही न वापरता थर काढतं, मुरलेला सीलरसुद्धा. एपॉक्सीच्या जाड थराला बहुधा हाच मार्ग. पण ‘रसायन नाही म्हणजे विष नाही’ हा हिशेबही फसवा आहे. काँक्रीट घासलं की स्फटिकरूप सिलिकाची बारीक धूळ उडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था तिला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते. अमेरिकेत २०१६ च्या नियमानुसार कामगाराच्या श्वासातल्या हवेत तिची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. आपल्या कारखाने अधिनियमातही सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत आहे, आणि खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांनी तो पिढ्यानपिढ्या भोगला आहे. पाणी सोडत, किंवा धूळ ओढून घेणारा बंदिस्त पंखा जोडूनच ग्राइंडर चालवावा. तसं न करता कोरडं घासायला आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवावं. मवाळ द्रावकाने रात्रभर भिजवलेला थर ओला खरवडण्यात धूळच उडत नाही, हा त्या पद्धतीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा फायदा.

गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे म्हणजे ड्राय आइसचे उणे ७८ अंशांचे दाणे मारून थर उडवण्याची पद्धत देखणी आहे. दाणे वाफ होऊन निघून जातात, मागे उरतो फक्त निघालेला थर. उपकरण महाग, आणि बंद तळघरात तोच वायू साचून गुदमरायला होतं. खायच्या सोड्याचा झोत हा आणखी एक सौम्य प्रकार. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या डागडुजीत आतल्या तांब्यावरचं डांबर याच झोताने काढलं. तांबं बचावलं, पण सोडा फटींतून बाहेर झिरपला आणि बाहेरच्या हिरव्या गंजावर त्याचे ओघळ उमटले. माणसाला निरुपद्रवी असलेली वस्तू वास्तूलाही निरुपद्रवी असेल असं नाही. काँक्रीटच्या बाबतीत सोडा मारल्यावर पृष्ठभागावर क्षार उरतो, तो भरपूर पाण्याने धुतला नाही तर नव्या सीलरखाली लोणा फुटल्यासारखे पांढरे चट्टे येतात.

प्रत्यक्ष काम करताना ऋतू बघावा. कोकणात जून ते ऑक्टोबर हे काम हाती घेऊच नये. भिजलेलं काँक्रीट द्रावकाला आत घेत नाही आणि नंतर वाळत नाही. दिवाळीनंतरचे तीन महिने सर्वांत चांगले: हवा कोरडी, ऊन बेताचं. फार थंडीत मात्र मवाळ द्रावक आणखी मंदावतात. उत्तर अमेरिकेत राहणाऱ्यांनी यासाठी वसंत ऋतू धरावा. आधी कोपऱ्यात हातभर जागेवर नमुना करून पाहावा. एक तास, चार तास, रात्रभर, असे तीन पट्टे ठेवले की आपल्या थराला किती वेळ लागतो ते बाटलीवरच्या माहितीपेक्षा खात्रीने कळतं. मग झाडांची मुळं आणि शेजारचं लाकूड झाकून जेल जाड पसरावं. पातळ पसरवून बचत होत नाही, ते वाळून जातं. त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे वरून वाळणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिकची किंवा लाकडी पट्टी लावून ओढावं. धातूची पत्री ठशाच्या काँक्रीटवर ओरखडे पाडते. खाचांत अडकलेलं नायलॉनच्या ताठ ब्रशाने काढावं. पाच थर चढलेले असतील तर एका फेरीत तीन निघतील, दोन उरतील, पुन्हा लावावं. ठशाच्या खोल रेषांत थोडा सीलर राहिलाच, तर त्याच्यामागे लागून रंग घालवू नये.

निघालेला लगदा कुठे टाकायचा याबद्दल बाटल्या सहसा गप्प असतात. ‘जैवविघटनशील’ असं जे लिहिलेलं असतं ते द्रावकाबद्दल. त्यात विरघळलेला अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, ते कुजणार नाही. त्यातलं रंगद्रव्यही. भारतात रंगांतल्या शिशाची मर्यादा दशलक्षांत ९० भाग अशी २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगीत लेपांत शिसं असू शकतं. म्हणून लगद्यावर लाकडाचा भुसा टाकून तो शोषून घ्यावा, सुकवून डब्यात भरावा, आणि त्यानंतरच जमीन धुवावी. पेटवू तर मुळीच नये. अंगण धुतलेलं पाणी पावसाळी गटारातून थेट ओढ्याला जातं, पुण्यात मुठेला, मुंबईत खाडीला. मैलाशुद्धीकरण वाटेत येत नाही. लगदा काढल्यानंतरची धुलाई क्षारधर्मी डिटर्जंटने, शक्य असेल तर गरम पाण्याच्या झोताने, आणि शेवटी दोनदा साध्या पाण्याने.

‘बिनविषारी’ या शब्दावर कुणाचा अंकुश आहे? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा दावा करणाऱ्याकडे माणूस आणि पर्यावरण दोहोंना अपाय होत नसल्याचा वैज्ञानिक पुरावा हवा. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हरित दाव्यांच्या फसवणुकीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘इको-फ्रेंडली’ वगैरे शब्द पुराव्याशिवाय वापरू नयेत असं ती सांगतात. शिवाय आपल्या हातात एक साधन आहेच. प्रत्येक रसायनाचं सोळा विभागांचं सुरक्षा माहितीपत्रक असतं. दुसऱ्या विभागात धोके, तिसऱ्यात घटक, नवव्यात ते किती अंशांना पेट घेतं. विक्रेता ते द्यायला खळखळ करत असेल तर त्याच्या डब्यावरचं हिरवं पान काही कामाचं नाही.

एक शक्यता मात्र या सगळ्या यादीत नसते: सीलर न काढणं. पांढुरके ढग आलेला पण घट्ट बसलेला अ‍ॅक्रिलिक थर बऱ्याचदा वाचवता येतो. कोरड्या दिवशी त्यावर थोडं झायलीन रोलरने फिरवलं की थर पुन्हा मऊ होऊन बसतो, अडकलेली ओल निघून जाते आणि ढगही जातात. झायलीन काही सौम्य नाही, मास्क आणि मोकळी हवा हवीच. पण अर्ध्या तासाच्या थोड्या झायलीनने काम भागत असताना पन्नास लिटर ‘हिरवं’ जेल, दोनशे लिटर धुण्याचं पाणी आणि पोतंभर प्लास्टिकचा लगदा निर्माण करणं याला पर्यावरणाची काळजी म्हणवत नाही. थर नुसता निस्तेज झाला असेल तर हलकं घासून त्याच जातीचा एक पातळ हात पुरतो. पोपडे सुटत असतील, थरांची भिंतच झाली असेल, किंवा वर वेगळ्या जातीचं काही लावायचं असेल, तरच काढण्याचा खटाटोप करावा.

आणि काढल्यावर घाई नको. धुतलेलं काँक्रीट वरून कोरडं दिसतं, आतून नसतं. साधारण ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर बंद करून किमान १६ तास ठेवावा. खालच्या बाजूला दव धरलं किंवा तिथलं काँक्रीट काळपट दिसलं तर अजून थांबावं. कोरडं निघालं तर पुन्हा पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. ते सगळीकडे सारखे शोषले जात असतील तर तेलाचा अंश उरलेला नाही, आणि आता सिलेनसारखा मुरणारा सीलरही आत जाऊ शकतो. पावसाळी भागातल्या उघड्या अंगणाला मी तोच सुचवेन. तो चमकत नाही, ओल अडवून धरत नाही, आणि त्याचे पोपडे सुटत नाहीत, कारण सुटायला वर काही नसतंच.